परवा म्हणजे कुठला?

"परवा म्हणजे गेलेला की येणारा?"

हा प्रश्न ताई दिवसातून दहा-बारा वेळा तरी फोनवर विचारायच्या. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हाताचं बोट समोरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेवर टेकलेलं. पलीकडून उत्तर आलं की ते बोट दोन घरं मागे जायचं किंवा दोन घरं पुढे. आपण मराठी माणसं दोन दिवस मागच्यालाही परवा म्हणतो आणि दोन दिवस पुढच्यालाही. बोलणाऱ्याला स्वतःला पक्कं माहीत असतं की आपण कुठला म्हणतोय, म्हणून तो या प्रश्नावर हमखास वैतागतो. ताई वैतागायच्या नाहीत. "तुम्हाला माहीत आहे हो, मला नाही ना," एवढंच म्हणायच्या.

आमची कंपनी मुलुंडला आहे. सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल करते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर आणि थोड्या चेंबूरच्या. मेकॅनिक बारा. तक्रारी एका सामाईक ईमेलवर येतात, आणि ती ईमेल उघडून, वाचून, कोणी कुठे कधी जायचं ते कॅलेंडरवर मांडणं हे ताईंचं काम होतं. बावीस वर्षं होतं. मी तिथला कॉम्प्युटरवाला. आयटी विभाग म्हणतात, पण विभाग म्हणजे मी आणि एक कायम रुसलेला प्रिंटर.

हे सगळं शांतपणे लिहायचं असं ठरवून बसलो होतो. जमेलसं वाटत नाही.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. पाहून ठेवा तिला. दाराजवळच्या टेबलावर बसते, पगारवाढीच्या यादीत शेवटी असते, आणि ती एक दिवस रजेवर गेली की दुपारपर्यंत कोणालाच काही सापडत नाही. आमच्या ताई मूळच्या वाशीमकडच्या, लग्न होऊन घाटकोपरला आलेल्या. तीस वर्षांत बोलणं मुंबईचं झालं होतं. फक्त राग आला की एक "काहून?" बाहेर पडायचं, आणि ते ऐकलं की मेकॅनिक मंडळी मुकाट्याने हेल्मेट घालून जिना उतरायची. सकाळी आल्या की गेटवरच्या वॉचमनला "जय भीम" आणि तो "जय भीम, ताई" म्हणेपर्यंत थांबायचं, मग आत.

त्यांच्या कॅलेंडरच्या नोंदी वाचण्यासारख्या असायच्या. नुसतं 'सर्व्हिसिंग, अकरा वाजता' असं त्या कधी लिहीत नसत. 'बी विंग, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जातात, नऊ ते एक लिफ्ट बंद ठेवू नये.' 'सेक्रेटरी दुपारी झोपतात, फोन चारनंतर.' 'समोरच्या घरात मुलीची दहावी, ठोकाठोक परीक्षेनंतर.' 'वॉचमनशी नीट बोलावे, मागे आपलाच माणूस चुकला होता.' मेकॅनिकांचंही तसंच. एकाला शुक्रवारी दुपारी नमाजाला मोकळं ठेवायचं, दुसऱ्याला गौरी-गणपतीला गावी जाऊ द्यायचं, तिसऱ्याची बायको दिवस भरत आलेली म्हणून त्याला ठाण्यापलीकडे पाठवायचं नाही. यातलं काहीही त्यांना कोणी लिहायला सांगितलं नव्हतं.

आणि एक नियम होता. लिफ्ट मजल्याला बरोबर न लागता वर किंवा खाली थांबते अशी तक्रार आली, की त्याच दिवशी माणूस गेला पाहिजे. पंखा बंद असेल, बटणाचा दिवा गेला असेल, ते उद्यावर चालेल. "खाली लागते म्हणाले की चप्पल घालायची," असं त्या मेकॅनिकांना सांगायच्या. "माणूस पायाकडे बघत नाही रे, दाराकडे बघतो."

दोन वर्षांपूर्वी नवे मॅनेजर आले. थोरल्या साहेबांचे, म्हणजे मालकांचे, जावई. त्यांनी ईमेल आणि कॅलेंडर एकत्र सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या नोंदी नव्यात आणायचं काम माझं. आठवडाभर खपून मी त्या आणल्या आणि मग लक्षात आलं की तारीख आली, वेळ आली, पत्ता आला, शेरे आले नाहीत. आजींचं डायलिसिस, दहावीची मुलगी, सगळं गळून पडलं होतं. मॅनेजर म्हणाले, "झकास. डेटा क्लीन झाला." पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, ताईंनी ते शेरे एकेक करून परत भरले. मी समोर बसून माझा डबा खात होतो. मदत करतो, असं म्हणालो होतो. एकदाच.

त्या नव्या गोष्टींना घाबरणाऱ्या होत्या, असं मात्र समजू नका. हा शिक्का मारायला सगळ्यांना आवडतं. चार दिवसांत त्या सॉफ्टवेअर माझ्याइतकं चालवायला लागल्या. सहीचं त्यांनीच मला विचारलं. दर मेलच्या खाली आपोआप सही येते म्हणे, ती कशी लावायची? मी लावून दिली. 'कळावे. आपली विश्वासू,' आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. स्क्रीनवर ते पाहून खूश झाल्या.

या सॉफ्टवेअरमध्ये एक असिस्टंट होता. मेल वाचून तो तीन तयार उत्तरं सुचवायचा. एकदा एका सोसायटीचा मेल आला, 'आमचे सेक्रेटरी काल वारले, पुढील पत्रव्यवहार माझ्याशी करावा.' असिस्टंटने सुचवलं, 'अभिनंदन!', 'खूप छान!' आणि 'लवकरच भेटू!' ताईंनी मला हाक मारून दाखवलं. "बघ रे, तुझं यंत्र पेढे वाटतंय." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी त्या माणसाला फोन लावला, दोन मिनिटं बोलल्या, आणि कॅलेंडरवर त्या सोसायटीच्या पुढच्या भेटीला शेरा लिहिला, 'घरात दुःख आहे, तेरा दिवस जाऊ नये.'

असिस्टंटचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. मेलमध्ये दिवस आणि वेळ दिसली की तो स्वतःच भेटीची नोंद तयार करायचा आणि ताईंना विचारायचा, 'नोंद करू का?' ताई 'हो' दाबायच्या आधी सोसायटीला फोन करायच्या. सोसायटीवाले लिहितात कसं, ते पाहिलंय ना तुम्ही? मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, रिक्षातून उतरता उतरता लिहिलेलं. तर फोन. आणि फोनवर तोच प्रश्न.

मॅनेजरांच्या रिपोर्टात हे लाल रंगात यायला लागलं. त्यांनी ताईंना बोलावलं. मीही होतो, रिपोर्ट मीच काढला होता.

"ताई, एका मेलला तुम्ही दोन-दोन फोन करता. काय चाललंय यार हे?"

"माणूस काय म्हणतोय ते विचारते."

"सॉफ्टवेअर समजून घेतं ना."

"साहेब, याला परवा कळत नाही."

मॅनेजर हसले. "शिकतंय ते. कळेल."

"मग ते शिकेपर्यंत मी विचारते."

"नको," मॅनेजर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ते विचारणं बंद कर. डायरेक्ट नोंद होऊ दे."

मी बंद केलं. एका चौकोनातली बरोबरची खूण काढायची होती, दुसरं काही नाही. त्याच आठवड्यात ताईंच्या टेबलावरचा फोनही रिसेप्शनला गेला. तोंड उघडून "साहेब, ताई म्हणतायत ते खरं आहे" एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता?

मग तो सोमवार. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेल आला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'परवा अकराला मेकॅनिक आला तरी लिफ्ट चार बोटं खाली लागते बघावे.' शनिवारी आमचा माणूस खरंच जाऊन आला होता. असिस्टंटला या वाक्यातले तीन शब्द समजले. परवा, अकरा, मेकॅनिक. त्याने बुधवारी सकाळी अकराची भेट टाकली, सेक्रेटरींना 'आपली भेट निश्चित झाली आहे' असं उत्तर पाठवलं आणि मेल इनबॉक्समधून उचलून 'पूर्ण' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिला. ताईंनी तो मेल पाहिलाच नाही. पाहिला असता तर 'चार बोटं खाली' वाचून त्यांनी तासाभरात माणूस धाडला असता, याबद्दल आमच्या ऑफिसात कोणालाही शंका नाही. मॅनेजरांनाही नाही.

मंगळवारी संध्याकाळी त्या सोसायटीतले एक आजोबा लिफ्टमधून बाहेर पडताना ठेचकाळून तोंडावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर.

सोसायटीने लेखी खुलासा मागितला. कॅलेंडरवर पाहिलं तर बुधवारची नोंद, आणि खाली 'नोंद करणारी व्यक्ती' म्हणून ताईंचं नाव. असिस्टंट ज्याच्या खात्यातून काम करतो त्याचंच नाव लावतो. सगळ्यांना तेच दिसतं. नोंद खरी कोणी केली, माणसाने की असिस्टंटने, हे दिसतं एकाच ठिकाणी, मागच्या बाजूला जो लॉग असतो त्यात. आणि तो लॉग कंपनीत फक्त एका माणसाला उघडता येतो. तो माणूस मी.

मी उघडला. स्वच्छ लिहिलं होतं. नोंद असिस्टंटने केली, परवानगी विचारलेली नाही, कारण परवानगी विचारणं बंद आहे. बंद कोणी केलं, तर माझं नाव. मी तो मॅनेजरांना दाखवला. त्यांनी वाचला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं. "हे आपल्यातच राहू दे. बाहेर गेलं तर सगळ्याच सोसायट्या विचारतील. तुझंही नाव आहे त्यात, बघितलंस ना?"

बघितलं होतं. मी लॅपटॉप उचलला आणि जागेवर येऊन बसलो. आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मॅनेजरांनी खुलासा लिहिला. 'संबंधित कर्मचारी श्रीमती अमुक यांनी तक्रारीची नोंद चुकीच्या तारखेस केल्याने हा प्रकार घडला. संबंधितांवर कारवाई करण्यात येत आहे. कंपनी दिलगीर आहे.' आणि पाठवला तो तक्रारींच्या त्याच सामाईक ईमेलवरून, घाईघाईत. त्या ईमेलला सही आपोआप लागते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ताईंवर ठपका ठेवणारं ते पत्र खाली 'कळावे. आपली विश्वासू' आणि ताईंचं पूर्ण नाव घेऊन गेलं.

ताईंना या पत्राचं काही माहीत नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, अर्धी रजा टाकून आजोबांना पाहायला हॉस्पिटलात गेल्या. तिथे आजोबांची सून होती. ती काय बोलली ते ताईंनीच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "रागच आलाय तुमचा, खोटं नाही बोलत. पण निदान स्वतःच्या सहीने कबूल तरी केलंत. एवढं कोणी करत नाही."

ताई परत आल्या त्या सरळ टेबलाशी. पाठवलेले मेल उघडले, पत्र वाचलं, प्रिंट काढली. प्रिंटर नेमका त्या दिवशी नीट चालला. कागद घेऊन माझ्याजवळ आल्या.

"हे मी लिहिलंय का रे?"

"नाही, ताई."

"ती बुधवारची नोंद मी टाकली?"

"नाही."

"तुझ्याकडे असतं ना, कोणी काय टाकलं ते?"

"असतं."

"मग?"

मी म्हणालो, "साहेबांनी सांगितलंय, कोणाला..."

मला वाटलं आता "काहून?" येईल. यायला हवं होतं. मी त्याची वाट पाहत होतो, खरं सांगतो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "बरं. तुझी पोरगी लहान आहे." वर माझ्या बाजूने कारणही त्यांनीच शोधून दिलं, आणि मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. चूक मान्य आहे, समज मिळाली, पुन्हा होणार नाही. सही केली असती तर नोकरी राहणार होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ताईंनी कागद दोनदा वाचला आणि पेन न उचलता परत सरकवला. "मी न केलेल्या कामाखाली माझी एक सही झालीच आहे, साहेब. दुसरी नाही करणार." टेबलाच्या खणातून डबा, पेन्सिल आणि चष्म्याची जादा केस काढली आणि गेल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. वॉचमन मला नंतर म्हणाला, "ताई आज लवकर कशा काय गेल्या?"

पंधरा दिवस मी स्वतःला समजावत बसलो. सोळाव्या दिवशी लॉगचे दोन कागद छापून थोरल्या साहेबांकडे गेलो, मॅनेजरांना न विचारता. थोरले साहेब भले गृहस्थ, ताईंना त्यांनीच नोकरीवर घेतलेलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं. म्हणाले, "अरेरे. बोलाव तिला. उद्यापासून येऊ दे."

मी गच्चीवर जाऊन ताईंना फोन लावला. इतका आनंद झाला होता की एका दमात सगळं सांगितलं.

"आणि ते पत्र?" त्यांनी विचारलं.

"पत्राचं काही बोलले नाहीत."

"त्या सोसायटीच्या फायलीत माझं नाव लागलंय रे. त्या म्हाताऱ्याच्या घरी माझं नाव घेतायत. ही चूक हिची नव्हती, असं एका ओळीत लिहून त्यांना पाठवा. मी दुसऱ्या दिवशी साडेनऊला हजर. नाही तर तिथे येऊन बसायचं कशाला?"

मी खाली जाऊन थोरल्या साहेबांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. "नोकरी देतोय ना परत? लेखी कसं देणार? उद्या ते लोक कोर्टात गेले तर?" मी म्हणालो, "साहेब, एक ओळ आहे." ते म्हणाले, "एक ओळच महागात पडते, बाबा." भले गृहस्थ. या भल्या माणसांचा मला आताशा मॅनेजरांपेक्षा जास्त संताप येतो. मॅनेजर निदान कोणाला अरेरे म्हणत नाहीत.

ताई आल्या नाहीत. सोसायटी कोर्टातही गेली नाही. आजोबा आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, असं आमचा मेकॅनिक सांगत होता. असिस्टंटचं विचारणं मी परत चालू केलंय. रिसेप्शनवरची नवी मुलगी 'हो' दाबते. ती फोन करत नाही, तिला तसं सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू ती एक ओळ का नाही पाठवलीस? पत्ता तुझ्याकडे, लॉग तुझ्याकडे, पाठवायचं बटण तुझ्याकडे. बरोबर आहे. तीन वेळा लिहून ठेवली. तिन्ही वेळा ड्राफ्टमध्ये राहिली. मी अजून तिथेच नोकरी करतो.

गेल्या महिन्यात मॅनेजरांचा मेल आला, निघून गेलेल्यांची खाती बंद करा. यादीत एकच नाव होतं. मी खातं उघडलं, 'कायमचे काढून टाका' दाबलं, तर सॉफ्टवेअरने सूचना दाखवली. या व्यक्तीने केलेल्या सर्व नोंदी राहतील, पण नोंद करणाऱ्याचं नाव जाऊन त्या जागी 'माजी वापरकर्ता' दिसेल. पुढे जायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'.

मी थोडा वेळ जुन्या नोंदी वर-खाली करत बसलो. हजारो होत्या. कोणाची प्रसूती, कोणाचा दमा, कोणत्या जिन्यात दिवा नाही, कोणत्या घरी मोठ्याने बोलावं लागतं. मग मी 'हो' दाबलं. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि त्या सगळ्यांखाली 'माजी वापरकर्ता' आलं, बुधवारच्या त्या अकराच्या भेटीखालीही.

सोसायटीच्या फायलीतल्या छापील पत्राला मात्र हे लागू होत नाही. परवा, म्हणजे गेल्या शनिवारी, मी तिथे इंटरकॉमचं काहीतरी बघायला गेलो होतो. सेक्रेटरींनी फाइल माझ्या पुढ्यात ठेवली. पत्र पहिल्याच प्लास्टिकच्या पाकिटात आहे. नाव पूर्ण आहे, नवऱ्याच्या नावासकट, एकही अक्षर चुकलेलं नाही.